पाणीसेवा, ख्रिस्ती (कोकण)

ख्रिस्ती मंडळीतील स्वयंसेवकांनी ठरावीक दिवस एखाद्या गावात मुक्काम करून, मोबदला न घेता, पिण्याच्या शुद्ध पाण्याची सोय उभी करण्यात हातभार लावण्याची प्रथा. बोलण्यात तिला ‘मिशन ट्रिप’ म्हणतात, लिहिताना ‘सेवाकार्य’ हा शब्द अधिक आढळतो. विहिरीतील गाळ उपसणे, कठडा बांधणे, विंधण विहिरीवर हापसा बसवणे, झऱ्याचे पाणी टाकीत घेणे, छपरावरचे पावसाचे पाणी साठवणे आणि पाणी तपासणे ही तिची नेहमीची कामे. प्रस्तुत नोंद पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीपुरती आहे.

या सेवेचा धार्मिक आधार मत्तयकृत शुभवर्तमानात सापडतो. तान्हेल्याला पाणी देणे म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताला पाणी देणे (२५:३५), आणि गार पाण्याचा एक प्यालाही वाया जात नाही (१०:४२), ही दोन वचने विशेष सांगितली जातात. कोकणाच्या दृष्टीने मात्र योहानाच्या चौथ्या अध्यायातील विहिरीकाठचा प्रसंग अधिक बोलका आहे. ज्या समाजाच्या भांड्याला यहुदी शिवत नसत, त्या शोमरोनी बाईकडे येशू स्वतः पाणी मागतो. पाणवठ्यावर कोण कोणाच्या हातचे घेतो हा प्रश्न कोकणाला परका नाही. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच केला होता. तरी तळ्याचा खटला उच्च न्यायालयात संपायला १९३७ उजाडले. ‘पाण्याची सोय’ या शब्दात पाण्यापर्यंत पोचण्याचा हक्क धरलेला नसेल तर तो शब्द अपुरा आहे, हे पाणीसेवेचा इतिहास लिहिताना विसरता येत नाही.

प्रथेच्या उगमाबद्दल एकमत नाही. एक मत तिचा धागा पोर्तुगीज काळातील वसईपर्यंत (१५३४–१७३९) नेते. तेथे ‘मिझेरिकॉर्दिया’ हा दयाकार्याचा धर्मसंघ होता आणि तान्हेल्याला पाणी पाजणे हे कॅथलिक परंपरेतील सात शारीरिक दयाकृत्यांपैकी एक. दुसरे मत एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनांना आरंभस्थान देते. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी १८२३ मध्ये सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला आले, पुढे हर्णैलाही ठाणे झाले. १८३०च्या सुमारास त्यांचा मोर्चा पुण्याकडे वळला. त्यांचे मुख्य काम शाळांचे होते. (ज्या सावित्रीच्या मुखाशी ते उतरले, तिच्याच वरच्या अंगाला महाड आहे.) तिसरे मत असे की, सुटीत काही दिवस जाऊन सेवा करून परतण्याचा आजचा प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे, स्वस्त विमानप्रवास आणि १९६०च्या आगेमागे वाढलेल्या युवक-मिशन चळवळी यांतून तो घडला. आजच्या रूपापुरते हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिली दोन मते प्रेरणेचा उगम सांगतात, प्रथेचा नव्हे.

अशुद्ध पाण्याची किंमत मिशनऱ्यांनी स्वतः मोजली होती. अमेरिकन मराठी मिशनचे संस्थापक सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत आणि गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने (कॉलऱ्याने) वारले. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नो यांनी लंडनमध्ये १८५४ साली दाखवले आणि रॉबर्ट कोख यांना तिचा जंतू कलकत्त्याच्या तळ्यात १८८४ मध्ये सापडला. म्हणजे हे दोघे कशाने गेले हे त्यांच्या पिढीला उमगणे शक्यच नव्हते.

कोकणात पाऊस कमी नाही. किनाऱ्यावर वर्षाला ढोबळमानाने अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. अडचण पाणी धरून ठेवण्याची आहे. वर सच्छिद्र जांभा, खाली कठीण काळा कातळ आणि सगळ्याला समुद्राकडे उतार अशी येथील रचना. जांभ्यात मुरलेले पाणी कातळाच्या माथ्यावरून सरकत पऱ्या-वहाळांना मिळते आणि खाडीत जाते. गणपतीत काठोकाठ भरलेली विहीर होळीनंतर उतरू लागते आणि मे महिन्यात सड्यावरच्या (उंच कातळपठारावरच्या) वाडीला टँकरची वाट पाहावी लागते. अगदी किनाऱ्यालगत आणखी एक पेच असतो. वाळूत मुरलेले गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. घायबेन–हर्झबर्ग नियमानुसार गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली की त्याखालची खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे चाळीस मीटर वर येते. त्यामुळे मोठा पंप लावून केलेली ‘मदत’ अख्ख्या वाडीच्या विहिरी मचूळ करू शकते.

यावरून कामाची वेळ ठरते. परदेशी पाहुणे बहुधा डिसेंबर–फेब्रुवारीत येतात, कारण हवा सुखाची असते. त्या वेळी कोठेही खणले तरी पाणी लागते आणि एप्रिलमध्ये तीच विहीर कोरडी पडते. विहीर खणायची किंवा उपसायची ती पाणी तळाला गेल्यावरच, हे गावातल्या पाथरवटाला कोणी शिकवावे लागत नाही. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ नेमका विहिरी उतरण्याच्या दिवसांत येतो. त्या काळात आणि त्यानंतरच्या मे महिन्याच्या सुटीत निघणाऱ्या स्थानिक मंडळीच्या तुकड्यांचे काम त्यामुळे अधिक टिकते.

गाळ उपसण्याचे काम दिसायला साधे, पण जोखमीचे. उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडतात. तो विझला तर कोणी उतरत नाही. पेट्रोलचा पंप विहिरीच्या आत कधीही चालवू नये, त्याच्या धुराने तळाचा माणूस गुदमरतो. खालचा माणूस घमेले भरतो, वरचे चौघे रहाटावरून दोर ओढतात. आधी कुजक्या पानांचा काळा गाळ येतो. त्यात पोहऱ्याच्या कड्या, फुटक्या कळशीचे तुकडे, एखादी लहान मुलाची चप्पल. मग निळसर चिकणमाती, आणि शेवटी जांभ्याचा तांबूस चुरा. चुरा लागून फटींतून पाणी पाझरू लागले की हात थांबवायचा.

त्यानंतर टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे माप. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरते. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने साधारण ७० ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत कालवून चुना खाली बसू देतात आणि वरची निवळी पोहऱ्यातून पाण्याखाली हलवत सोडतात. तासाभराने पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा. हे एकदा करून भागत नाही, आणि नेमके हेच पुढे करत राहणारा माणूस गावात हवा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हे काम करतो. त्याला मापाचे गणित नीट शिकवून गेलेली तुकडी नवी विहीर बांधून गेलेल्या तुकडीपेक्षा अधिक देऊन जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हापशाची कुळकथा : मिशनांचे पाण्याच्या क्षेत्रातील सर्वांत मोठे देणे कोकणात नव्हे, घाटावर घडले. पण ते कोकणातल्या वाडीवाडीत पोचले असल्याने त्याचा विचार येथे आवश्यक आहे. १९६०च्या दशकातील दुष्काळांत कठीण खडकात विंधण विहिरी घेण्याची यंत्रे आली; चर्चसंस्थांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये ‘ॲफ्प्रो’ ही समन्वय संस्थाही स्थापन झाली. बोअर झाले, पण वरचे बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापराला बेतलेले. दिवसभर शेकडो कळश्या भरताना ते काही महिन्यांत मोडत आणि १९७०च्या दशकात देशातील बहुसंख्य हापसे बंद पडलेले आढळले. यावर उपाय म्हणून पोलादी पंप पुढे आला. तो कोणी रचला याविषयी दोन मते आहेत. एक मत जालन्याच्या चर्च ऑफ स्कॉटलंड मिशनमधील प्रयोगांना श्रेय देते. दुसरे सोलापूरच्या पंपाला मूळ मानते आणि त्याची रचना एका स्वयंशिक्षित मेकॅनिकने केली असे सांगते. ही मते परस्परांना छेद देणारीच आहेत असे नाही. आधी जालन्याचे प्रयोग, मग सोलापूरची सुधारणा असा क्रम धरणे सयुक्तिक दिसते. मात्र हाताने काम करणाऱ्या मेकॅनिकचे नाव मागे पडून संस्थेचे पुढे येते, ही बाब श्रेय ठरवताना ध्यानात ठेवावी. सोलापूर पंपाच्या आधारे युनिसेफ, शासन आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही अभियांत्रिकी कंपनी यांनी ‘इंडिया मार्क–२’ विकसित केला. त्याच्या चाचण्या कोइम्बतूर परिसरात झाल्या.

मार्क–२ची खुबी दांड्याच्या टोकाशी आहे. दांडा एकाच आसावर बॉलबेअरिंगवर फिरतो. त्याच्या पुढच्या कमानीवरून साखळी जाते आणि साखळीला आतली सळई लटकते. त्यामुळे दांडा कमानीत फिरला तरी सळई सरळ उभीच वरखाली होते, तिरका ताण पडत नाही. सुमारे ४५ मीटर खोलीपर्यंत तो चालतो. उणीव अशी की तळाच्या सिलिंडरमधील वायसर झिजला तर सगळी पाईपमाळ वर काढावी लागते. तीस मीटरच्या बोअरमध्ये तीन मीटरचे दहा पाईप. पाणी आणि सळ्यांसह वजन शंभर किलोंच्या पुढे जाते. मुठीएवढा चामड्याचा वायसर बदलण्यासाठी पाचसहा माणसांची सकाळ जाते. पुढे आलेल्या मार्क–३मध्ये पाईप रुंद ठेवून दट्ट्या आतल्या आत वर घेता येऊ लागला. कोकणात त्यात आणखी भर पडते. जांभ्यातील सौम्य आम्लधर्मी पाणी पाईपचा जस्ताचा मुलामा खाते, पाणी तांबूस येते, भाताला रंग चढतो आणि बायका पुन्हा जुन्या विहिरीकडे वळतात. असा हापसा सरकारी वहीत ‘चालू’ असतो, पण घरात त्याचे पाणी येत नाही. गाव सोडण्यापूर्वी जवळच्या वाडीतल्या दोघांना, त्यांत निदान एका बाईला, पाने (स्पॅनर) हातात देऊन पाईपमाळ स्वतः काढायला लावणे हाच यावरचा अनुभवसिद्ध मार्ग.

वसई परिसरातील बावखले हा पाणीसेवेचा वेगळा अध्याय. वाळवट जमिनीत खोदलेली ही उघडी तळी पावसाचे पाणी जिरवून भोवतालच्या विहिरी गोड्या ठेवतात आणि बागायतीला पाणी देतात. बांधकामे वाढली तशी अनेक बुजवली गेली, टँकरने उपसा वाढला. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी हरित वसई चळवळ उभी केली. येथे सेवक बाहेरून आले नव्हते. चर्च, गाव आणि पाणी एकाच मातीतले होते. बावखल राखणे ही नवी विहीर देण्याइतकीच पाणीसेवा आहे, हे या चळवळीने दाखवून दिले.

दक्षिण कोकणात रत्नागिरी आणि वेंगुर्ले येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची ठाणी झाली. वेंगुर्ल्यातील सेंट ल्यूक्स रुग्णालय हे त्याचे ठळक स्मारक. कॅथलिकांचे सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळे झाले.

या सेवेवर धर्मांतराचा आक्षेप घेतला जातो. त्याबाबत आपत्कालीन मदतीची १९९४ची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्पष्ट आहे : मदत गरजेनुसार द्यावी आणि धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी वापरू नये. तिच्या प्रवर्तकांत कॅरिटास इंटरनॅशनालिस ही कॅथलिक सेवासंस्था आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस याही होत्या. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीला धर्मप्रचार करता येत नाही. परदेशी देणग्यांना २०१०चा विदेशी अंशदान अधिनियम लागू आहे. २०२०च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. महाराष्ट्राच्या १९९३च्या भूजल अधिनियमाने पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला. २०१९ पासून जलजीवन मिशनखाली माणशी रोज ५५ लिटर नळाचे पाणी हे उद्दिष्ट आहे. नळयोजना जेथे विहिरीवरच उभी आहे, तेथे मे महिन्यातला गाळ आजही उपसावा लागतो.