भरपगारी रजा व रजेची वाटाघाट : गोवा

भरपगारी रजा म्हणजे कामगाराने आधी केलेल्या कामाच्या बळावर मिळवलेली आणि पगार न कापता उपभोगायची सुटी. कायदा तिला वेतनाइतकाच हक्क मानतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये निर्वाहवेतनाच्या जोडीने फुरसतीचाही उल्लेख आहे. गोव्यात या हक्काचे दोन भाग पडतात. किमान किती दिवस मिळायचे हे कायदा ठरवतो. त्यावरचे दिवस किती, ते साठवायचे कसे आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी जाता येणार की नाही, हे मात्र युनियन आणि मॅनेजमेंटच्या वाटाघाटीत, किंवा एकट्या माणसाच्या नेमणूकपत्रात ठरते.

वेर्णा, कुंडई, पिळर्ण, थिवी, कुंकळ्ळी येथील औद्योगिक वसाहतींत अनेक दशके कारखाने अधिनियम, १९४८ चा हिशोब चालला : कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम केले की पुढच्या वर्षी, केलेल्या कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस रजा. अर्धा किंवा त्याहून मोठा अपूर्णांक पूर्ण दिवस धरायचा. म्हणजे २६४ दिवस भरलेल्याला १३ दिवस आणि २७० भरलेल्याला १४. न वापरलेली रजा ३० दिवसांपर्यंत पुढे नेता येते. कामगाराने रीतसर अर्ज केला आणि मालकाने तो नाकारला, तर त्या रजेला ही ३० दिवसांची मर्यादा लागत नाही. म्हणूनच जुने युनियन कार्यकर्ते तोंडी विचारू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या, असे बजावत असतात. अर्जाचा कागद नसेल तर नाकारलेली रजा सिद्ध करता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी, जुन्या कामगार कायद्यांची जागा घेणाऱ्या चार कामगार संहिता अमलात आल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने दर २० दिवसांमागे एक हे प्रमाण तसेच ठेवले, पण पात्रतेची अट २४० वरून १८० दिवसांवर आणली. वर्षअखेरीस रजेचे पैसे मागण्याचा हक्कही दिला. गोव्याच्या दृष्टीने यातला पहिला बदल फार मोठा आहे. इथला पर्यटन हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालतो, मग पाऊस. हे आठ महिने एकही खाडा न करता काम केले, तरी आठवड्याची सुटी वजा जाता कामाचे दिवस दोनशेच्या थोडे वर भरतात. त्यामुळे हंगामी माणूस २४० च्या मोजणीत बसतच नव्हता. १८० च्या मोजणीत तो बसतो. संहिता मुख्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. लहान दुकाने व खानावळींसाठी गोवा, दमण व दीव दुकाने व आस्थापना अधिनियम, १९७३ पाहावा लागतो. वर्ष पुरे होण्याआधी नोकरी सुटली, तरी तोवर जमलेल्या रजेचे पैसे मिळतात, ही तरतूद कारखान्यांच्या जुन्या कायद्यात होती आणि संहितेतही आहे. मे महिन्याच्या शेवटच्या पगारात ही रक्कम धरली आहे का, हे प्रत्येक हंगामी कामगाराने विचारायला हवे.

रजा वेगळी आणि सार्वजनिक सुट्टी वेगळी. गोवा सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत ३ डिसेंबरचे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन असतो. गणेश चतुर्थीला दोन दिवस मिळतात. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये आहे. १० मे २०२३ रोजी कर्नाटकातल्या मतदानासाठी गोवा सरकारने इथेही भरपगारी सुट्टी जाहीर केली, तेव्हा उद्योजकांनी उघड विरोध केला होता. मात्र रजेच्या आत किंवा तिच्या दोन्ही टोकांना आलेल्या सुट्ट्या रजेतून वजा करायच्या नाहीत, असे कायदा स्पष्ट सांगतो. शनिवारी आणि सोमवारी भरपगारी रजा टाकली म्हणून मधला रविवारही खात्यातून कापण्याची पद्धत, कामाच्या ठिकाणी जिला ‘सँडविच’ म्हणतात, त्यामुळे हक्काच्या वार्षिक रजेला लावता येत नाही.

चवथीचा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही. पेडणे, सत्तरी, काणकोण किंवा पलीकडे सावंतवाडीहून वेर्ण्याला कामाला येणाऱ्या माणसाला आदल्या दिवशी मूळ घरी पोचून माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास) बांधायची असते. दीड दिवसाचा गणपती असेल तर दोन सुट्ट्यांत भागते; पाच दिवसांचा असेल तर आणखी तीन दिवस लागतात. एकाच खात्यातल्या वीसजणांनी एकाच आठवड्यासाठी अर्ज केले, तर सतत चालणारे यंत्र कोण सांभाळणार? यावर टिकलेला तोडगा म्हणजे पाळी : यंदा थांबलेल्याला पुढच्या वर्षी पहिला हक्क, थांबलेल्या दिवसाची बदली रजा, आणि यादी गणपतीच्या बऱ्याच आधी फलकावर. शिरगावच्या लईराईच्या जत्रेसाठी व्रत पाळणाऱ्या धोंडांना किंवा गावच्या फेस्ताला जाणाऱ्यांनाही अशीच सोय हवी असते. ती करारात लिहिलेली नसेल तर सगळे सुपरवायझरच्या मर्जीवर राहते, आणि ओळखीच्या माणसाला रजा मिळून नवख्याला नकार मिळतो.

सामुदायिक वाटाघाटीची सुरुवात मागणीपत्राने होते. पगारवाढीखाली नैमित्तिक रजा, आजारपणाची रजा, हक्काची रजा किती वाढवायची, साठवणीची मर्यादा, रजेचे पैसे कोणत्या पगारावर मोजायचे, चवथीची उचल, बस, कँटीन, मेडिक्लेम अशा मागण्या असतात. समोरासमोर जमले नाही तर प्रकरण पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तालयाकडे समेटासाठी जाते. इथे एक फरक कळीचा आहे. दोन्ही बाजूंनी आपसांत केलेला करार सही करणाऱ्या पक्षांपुरताच बांधील असतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, मागाहून भरती झालेल्यांनाही. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधला हा नियम चार संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेत टिकला आहे. रजा व सुट्ट्यांत कामगाराच्या तोट्याचा बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देण्याचे बंधनही टिकले आहे. नवीन काय, तर एकाहून अधिक युनियन असल्यास ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेलीच वाटाघाट करणारी युनियन ठरते. तेवढा पाठिंबा कुणालाच नसेल तर वाटाघाट परिषद बसवावी लागते. समेटही फिसकटला तर वाद औद्योगिक न्यायाधिकरणापुढे जातो. तिथले निवाडे गुरुवारी निघणाऱ्या सरकारी राजपत्रात छापून येत आले आहेत. मागणीपत्र लिहिणाऱ्याने ते जरूर चाळावेत. कोणती मागणी पुराव्याअभावी पडली ते तिथे नेमके कळते.

या टेबलावर रजा विकून पैसे घेण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. चार दिवस सोडा, महिन्याला अमुक रुपये वाढवतो, हा सौदा पहिल्या वर्षी गोड लागतो. पण रुपयाचे मोल घटत जाते आणि सोडलेला दिवस पुढच्या करारात परत मिळवणे फार जड जाते. सुज्ञ युनियन म्हणून आधी दिवस पक्के करतात, मग रकमेवर बोलतात.

आजारपण आणि बाळंतपण यांचे नियम वेगळे आहेत. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय), मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्यांसाठी, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपण लाभ मिळत आला आहे. योजनेचे रुग्णालय मडगावात आहे. मातृत्व रजा २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे आहे. सरकारी नोकरांना वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते आणि निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतचे पैसे मिळतात. खासगी कारखान्यातला भाऊ याच आकड्याशी आपली रजा ताडून पाहतो.

सर्वांत उघडे पडतात ते मधले लोक. संहितांनुसार देखरेखीचे काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ ठरत नाही. त्यामुळे हॉटेलचा फ्लोअर मॅनेजर किंवा कारखान्यातला शिफ्ट इन्चार्ज यांच्यासाठी युनियनचा करार नाही. त्यांनी नोकरी स्वीकारतानाच, सही करण्याआधी, रजा कोणत्या तारखेपासून जमा होते, वर्षअखेरीस बुडते की पुढे जाते, नोटीस काळात वापरता येते का, आणि रजेचे पैसे मूळ पगारावर की एकूण पगारावर, हे लेखी घ्यावे. ठेकेदाराकडच्या कामगाराला मात्र रजेचा कायदा पूर्ण लागू आहे. ठेकेदार बदलला की त्याची जमलेली रजा बहुधा वाऱ्यावर जाते, म्हणून ठेका संपतानाच्या हिशोबात तिचे पैसे मागावेत. ते मिळाले नाहीत तर कामगार आयुक्तालयात वसुलीचा अर्ज करता येतो, आणि त्यासाठी हजेरीच्या नोंदी व पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात.