लोकसंख्येची घनता : मोजणी

एखाद्या प्रदेशातील लोकसंख्येला त्याच्या क्षेत्रफळाने भागले असता लोकसंख्येची घनता मिळते. ती सामान्यतः दर चौरस किलोमीटरमागे किती माणसे, अशी सांगतात. 2011 च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या 61,07,187 होती. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 15,530 चौ. किमी. असल्याने घनता 393 येते. त्याच वेळी महाराष्ट्राची घनता 365 आणि भारताची 382 होती.

भागाकार सोपा असला, तरी कोणाला मोजायचे हे आधी ठरवावे लागते. भारतीय जनगणनेत गणनेच्या काळात माणूस ज्या नेहमीच्या मुक्कामी आढळतो तेथे त्याची नोंद होते. तो संपूर्ण काळ बाहेरगावी असेल, तर जेथे सापडेल तेथे. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. हा द्राक्षांच्या हंगामाचा काळ असून पेठ, सुरगाणा येथील मजूर तेव्हा निफाड व दिंडोरीच्या बागांत कामाला उतरलेले असतात. त्यामुळे या तालुक्यांचे आकडे वाचताना हंगाम ध्यानात घेणे इष्ट. सिंहस्थातील गर्दी मात्र घनतेच्या हिशेबात येत नाही, कारण भाविकांची नोंद त्यांच्या गावी झालेली असते.

खरी गुंतागुंत क्षेत्रफळाची आहे. ढोबळ, म्हणजेच गणितीय घनतेत जंगल, डोंगर, धरणांचे जलाशय असे सारे क्षेत्र धरतात. केवळ लागवडयोग्य जमीन धरल्यास कायिक घनता मिळते, आणि त्याच जमिनीने फक्त शेतकरी लोकसंख्येला भागल्यास कृषी घनता. सह्याद्रीच्या कड्यांनी व्यापलेल्या त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत गणितीय आणि कायिक घनतेमधील तफावत मोठी असणे स्वाभाविक आहे. नगररचनेत रस्ते व मोकळ्या जागा वगळून निव्वळ निवासी घनताही काढतात.

सीमारेषा बदलली की आकडाही बदलतो. 2011 मध्ये नाशिक महानगरपालिकेच्या सुमारे 260 चौ. किमी. हद्दीत 14,86,053 लोक राहत होते, म्हणजे घनता सुमारे 5,700. हे शहर वगळल्यास उरलेल्या जिल्ह्याची घनता 303 च्या आसपास उतरते. 393 हा आकडा यांपैकी कोणत्याच भागाचे वर्णन करत नाही; वर्तमानपत्रांत तोच छापला जातो. ही उणीव भरून काढण्यासाठी लोकसंख्याभारित घनता वापरतात : प्रत्येक भागाच्या घनतेला तेथील लोकसंख्येच्या वाट्याने गुणून बेरीज करायची. शहर व उर्वरित जिल्हा असे दोनच भाग धरले, तरी नाशिकसाठी ती सुमारे 1,600 येते. भाग आणखी लहान केले, जुन्या नाशकातील गावठाण व गंगापूर रस्त्यावरील नव्या वसाहती वेगळ्या धरल्या, तर ती सहसा आणखी वाढते. म्हणून अशा आकड्यासोबत मोजणीचा घटक प्रभाग होता की तालुका, हे नोंदवणे अनिवार्य ठरते.

प्रशासकीय सीमांपासून सुटका करून घेण्याचा प्रयत्न जुना आहे. हेन्री ड्र्यूरी हार्नेस याने 1837 मध्ये आयर्लंडच्या रेल्वे आयोगासाठी केलेल्या नकाशात घनतेच्या छटा प्रशासकीय हद्दींऐवजी प्रत्यक्ष वस्तीनुसार आखल्या होत्या. आता उपग्रहचित्रांतील बांधकामे पाहून जनगणनेची संख्या एक किलोमीटर किंवा त्याहून लहान चौकटींत वाटून देतात. या चौकटींतील आकडे अंदाजित असतात; घरोघरच्या मोजणीची अचूकता त्यांना नसते.