मॉटली क्रू : दर अल्बमला बदललेलं रूप

कमरेत वाकून डोकं खाली सोडायचं, केस उलटे विंचरायचे, मुळांपाशी हेअरस्प्रे मारायचा आणि तो वाळेपर्यंत तसंच थांबायचं. मग झटक्यात उभं राहायचं. 1980च्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या क्लबांच्या रस्त्यावर वाजवायला निघालेल्या पोरांची संध्याकाळ अशी सुरू व्हायची. अ‍ॅक्वा नेट हा त्यांचा लाडका स्प्रे, कारण तो स्वस्त होता आणि त्याने केस काटक्यांसारखे ताठ राहत. पुढे त्यांच्या संगीताला, म्हणजे नटव्या वेशातल्या ग्लॅम मेटलला, ‘हेअर मेटल’ असं हिणवणारं नाव पडलं. केस तेवढे लोकांच्या लक्षात राहिले, गाणी मागे पडली. मॉटली क्रूच्या बाबतीत मला हे फार खटकतं. या बँडचं रूप आणि आवाज एकमेकांपासून सोडवताच येत नाहीत, आणि दोन्ही दर अल्बमला बरोबरीने बदलत गेले.

या रूपाची मुळं मात्र इंग्लंडमध्ये आहेत. 1971 मध्ये टी. रेक्स बँडचा मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून बीबीसीच्या पडद्यावर आला, पुढच्या वर्षी डेव्हिड बोवीने झिगी स्टारडस्ट हे रंगमंचावरचं पात्र उभं केलं. अमेरिकेत न्यूयॉर्क डॉल्स हा बँड 1973 साली पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर लिपस्टिक लावून, उंच टाचांचे बूट घालून सोफ्यावर बसला. त्याच शहरात किस बँडने चेहरे रंगवले आणि रंगमंचावर आग आणली. बरंचसं बालपण आजी-आजोबांकडे काढलेला फ्रँक फेरान्ना नावाचा मुलगा हे सगळं ऐकत, पाहत मोठा झाला. त्याने पुढे निकी सिक्स हे नाव घेतलं. डॉल्सचा बेफिकीर नखरा आणि हेवी मेटलचं वजन एकाच बँडमध्ये आणायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

1981च्या सुरुवातीला निकी बास घेऊन आणि टॉमी ली ड्रम्स घेऊन एकत्र आले. मिक मार्सने फुकट जाहिरातींच्या एका पेपरात स्वतःची जाहिरात दिली होती: मोठ्या आवाजाचा, उद्धट, आक्रमक गिटारवादक उपलब्ध आहे. तो तेव्हा तिशीला टेकला होता, बाकीचे विशीच्या आसपास. टॉमीच्या शाळेतला विन्स नील गायला आला. नाव मिकने सुचवलं, आणि त्यातल्या अक्षरांवरचे टिंब एका जर्मन बिअरच्या बाटलीवरून आले. चौघे व्हिस्की अ गो गो या क्लबजवळच्या एका पडक्या फ्लॅटमध्ये राहत. निकी स्टेजवर बुटांना आग लावून घेई. पैसा नव्हता, म्हणून जे हाताशी होतं त्यातूनच वेश उभा राहिला: जुनं चामडं, साखळ्या, काजळ, स्प्रे. पहिला अल्बमही त्यांनी त्याच वर्षी स्वतःच्या लेबलवर काढला. तो ऐकताना ती घाई आणि ती ओढगस्त दोन्ही कानाला जाणवतात.

29 मे 1983 रोजी कॅलिफोर्नियातल्या यूएस फेस्टिव्हलच्या ‘हेवी मेटल’ दिवशी ते लाखोंच्या गर्दीसमोर उभे राहिले. त्याच वर्षी ‘शाउट अ‍ॅट द डेव्हिल’ आला. आता अंगावर काटेरी पट्टे, गालांवर काळे पट्टे, मुखपृष्ठावर पंचकोनी तारा. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा एक पूर्ण सूर उतरवून लावलेल्या, त्यामुळे आवाज जड आणि अंधारा झाला. त्यावर चौघांनी मिळून ओरडायचे कोरस, जे पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या वेळी म्हणता येतील. ग्लॅम मेटलची गुरुकिल्ली इथे आहे: रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, मेटलचा; धृपद पॉपचं. त्याच साली क्वायट रायट या बँडचा अल्बम बिलबोर्ड मासिकाच्या अल्बमच्या यादीत पहिला आला आणि मोठ्या कंपन्या करारपत्रं घेऊन सनसेट स्ट्रिपवर धावल्या.

चेहऱ्यावर लाली असली तरी गाणी अगदी पुरुषी होती. त्यांतल्या बायका बहुतेक वेळा दिसण्यापुरत्याच येतात, आणि आज ऐकताना ते बोचतं. 1985 मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये गाण्यांच्या शब्दांवर सुनावणी झाली. त्याआधी पीएमआरसी या पालकांच्या गटाने जी पंधरा गाणी आक्षेपार्ह ठरवली होती, त्यांत क्रूचंही एक होतं. आक्षेप हिंसेवर होता.

या सगळ्यात एक गोष्ट थांबून सांगायला हवी. हेलसिंकीचा हनोई रॉक्स हा बँड हा सगळा साज क्रूच्याही आधीपासून करत होता: स्कार्फ, लिपस्टिक, पिंजारलेले सोनेरी केस. 1984च्या डिसेंबरात ते पहिल्या अमेरिका दौऱ्यावर होते. 8 डिसेंबरला विन्सच्या घरी पार्टी चालू असताना दारू संपली. विन्स प्यायलेला होता, तरी गाडी त्यानेच काढली. हनोई रॉक्सचा ड्रमर रॅझल शेजारी बसला. रेडोंडो बीचला गाडी समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली. रॅझल गेला, 24 वर्षांचा होता. दुसऱ्या गाडीतले दोघे जबर जखमी झाले. विन्सला 30 दिवसांची कैद आणि सुमारे 26 लाख डॉलरची भरपाई झाली. एका जिवाच्या मानाने ही शिक्षा फार थोडी होती, असं मला वाटतं. हनोई रॉक्स पुढच्याच वर्षी फुटला.

क्रूने 1985चा ‘थिएटर ऑफ पेन’ रॅझलला अर्पण केला. मुखपृष्ठावर नाटकातले हसरे-रडवे मुखवटे होते, आणि याच अल्बमबरोबर चामडं जाऊन लेस, रेशीम, ठिपके आणि गुलाबी रंग आला. म्हणजे ज्याला अल्बम अर्पण केला, त्याच्याच बँडच्या जवळचं रूप अंगावर आलं. ते फोटो पाहताना मला दर वेळी रॅझल आठवतो. अल्बम एकूण विस्कळीत आहे, पण त्यात ‘होम स्वीट होम’ आहे. सुरुवातीला टॉमीचा पियानो, मग हळूहळू गिटार आणि ड्रम्स. एमटीव्हीवर त्या व्हिडिओची फर्माईश महिनोन् महिने थांबेना, आणि मग जवळजवळ प्रत्येक मेटल बँडला अल्बममध्ये एक पॉवर बॅलड, म्हणजे हळू सुरू होऊन चढत जाणारं भावुक गाणं, हवंच असं होऊन बसलं.

पॉइझनसारखे बँड गुलाबी रंगात शिरले तेव्हा क्रू त्यातून बाहेर पडला. 1987 मध्ये मोटारसायकल आणि काळं चामडं, टॉमीचे ड्रम्स पिंजऱ्यात गरगर फिरणारे. त्या डिसेंबरात हेरॉइनच्या अतिरेकाने निकीचं हृदय थांबलं, तो थोडक्यात वाचला. नशा सोडून व्हँकुव्हरला बॉब रॉक या निर्मात्याकडे केलेला ‘डॉ. फीलगुड’ 1989 मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. त्याचा आवाज ऐकूनच मेटॅलिका पुढे बॉब रॉककडे गेले.

आपल्याकडे एमटीव्ही आला 1991 मध्ये, स्टार टीव्हीबरोबर. त्याच वर्षी सप्टेंबरात निर्वाणा या ग्रंज बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि ग्लॅम मेटलची लाट ओसरली. त्यामुळे इथल्या केबलच्या पहिल्या पिढीला ग्लॅम मेटल भेटलं ते जाता जाताच.

मिक मार्सला तरुणपणीच अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस झाला होता. या आजारात मणके हळूहळू एकमेकांना जुळून पाठ ताठ होते. विन्स आणि निकी स्टेजभर धावत असताना तो कोपऱ्यात काळ्या कपड्यांत स्तब्ध उभा असे. पाहणाऱ्याला तोही वेशाचाच भाग वाटावा. 2022 मध्ये त्याने दौरे सोडले. ‘होम स्वीट होम’मधला गिटारचा तो सोलो त्याचा आहे.