मार्गदर्शक स्प्रिंग
वाहक व जोडणी यंत्रांत रिव्हेट, स्क्रू, पिना, गोळ्या यांसारखे सुटे भाग वळणाच्या वाटेने नेणारी लवचीक स्प्रिंगनळी. ती बहुधा वेटोळ्याला वेटोळे भिडवून गुंडाळलेली ताण-स्प्रिंग असते. जोडणीचे डोके वरखाली होत असले तरी ही वाट तुटत नाही.

गुंडाळलेल्या तारेच्या नळीचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे सायकलच्या ब्रेकची बोडन केबल. तिचे एकस्व (पेटंट) अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन यांना १८९६ च्या सुमारास मिळाले. काही ठिकाणी हे श्रेय रॅले सायकल कंपनीचे फ्रँक बोडन यांना दिलेले आढळते. आडनाव एकच असल्याने हा समज रूढ झाला असावा. रॅले कंपनीने १९०० मध्ये अर्नेस्ट यांच्याकडूनच परवाना घेतला, हे पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र बोडनच्या रचनेत आतली दोरी केवळ मागेपुढे सरकते. त्यामुळे सुटे भाग वाहणाऱ्या नळीची ती थेट पूर्वज नसून समान तत्त्वावरील रचना मानणे योग्य.

नळीचा अंतर्व्यास भागाच्या व्यासाहून थोडाच मोठा ठेवतात. तो दुपटीजवळ गेला की दोन भाग शेजारी येऊन अडकतात. डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्याच्या व्यासापेक्षा कमी असेल, तर तो वाटेत उलटतो. लांब, ताठ पिन आखूड वळणात दोन्ही टोकांनी आणि मध्यावर भिंतीला टेकून थांबते. म्हणून वळणाची त्रिज्या भागाच्या लांबीवरून ठरवावी. वाकवल्यावर बाहेरच्या बाजूची वेटोळी फाकतात आणि टोकदार भाग फटीत रुततो. यासाठी प्रारंभिक ताण देऊन, म्हणजे वेटोळी मुळातच एकमेकांवर दाबून राहतील अशी, गुंडाळलेली स्प्रिंग श्रेयस्कर. चपट्या तारेची आतून अधिक सपाट असते. तरीही वळणावर उरणाऱ्या बारीक फटींतून धूळ व धातूचा चुरा गळून जातो, हा प्लॅस्टिकच्या नळीवरील तिचा मोठा लाभ.

कंपन फीडर म्हणजे वाडग्यातील सुटे भाग कंपनाने पुढे सरकवणारे यंत्र. त्यातील तिरप्या पट्टी-स्प्रिंगा मात्र भाग वाहत नाहीत. वाडग्याची हालचाल ठरलेल्या दिशेत राखतात. ५० हर्ट्झ विजेवर, विजेची अर्धी लहर अडवणारा अर्धलहरी एकदिशीकारक नसल्यास, वाडगा सेकंदाला १०० वेळा कंप पावतो.

कोकण किनाऱ्यावर, मग ती रत्नागिरीची आंबारस डबाबंदी असो की वेंगुर्ल्याची काजू प्रक्रिया, स्प्रिंग निवडताना खारी हवा आधी विचारात घ्यावी लागते. भिडलेल्या वेटोळ्यांत क्षारयुक्त ओल अडकून राहते. तेथे प्राणवायू कमी पडल्याने ३०४ प्रकारच्या स्टेनलेस पोलादालाही खळगे पडतात. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ अधिक टिकते. जस्ताचा मुलामा स्वस्त खरा, पण विद्युत्‌विलेपनात हायड्रोजन शिरून उच्चबल तार ठिसूळ होते. ती नंतर सुमारे २०० °से. तापमानाला काही तास तापवावी लागते. काजूच्या टरफलाचे चिकट तेल फटींत बसून धूळ धरते आणि या फटी धुऊन पूर्ण स्वच्छ होत नाहीत. म्हणून स्प्रिंगनळी डब्यांच्या, खोक्यांच्या जोडणीपुरती ठेवावी; गर किंवा रस जेथे उघडा असतो तेथे गुळगुळीत पन्हळच वापरावी.