शाखेबाहेरचा विषय : पार्श्वभूमी

अठराव्या वर्षी चार विषयांत रमणाऱ्या मुलाला आपल्याकडे हमखास ऐकावं लागतं : एक ना धड, भाराभर चिंध्या. ही म्हण जुनी आहे, पण तिला प्रवेश अर्जाचं बळ मिळालं ते गेल्या पन्नासेक वर्षांत. 1832 साली पहिलं मराठी वृत्तपत्र काढणारा विशीतला तरुण, बाळशास्त्री जांभेकर, गणितही शिकवायचा आणि पुढे ज्ञानेश्वरीची शिळाछाप आवृत्तीही त्यानेच सिद्ध केली.

1964–66 च्या शिक्षण आयोगाचा आग्रह होता की दहावीपर्यंत सगळ्यांनी सगळं शिकावं, गणित-विज्ञानासकट. महाराष्ट्रात 1975 ला नव्या पद्धतीची पहिली दहावी झाली. पण त्यापुढची दोन वर्षं कला, वाणिज्य, विज्ञान अशा तीन दारांची झाली. 1983 नंतर विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली आणि विज्ञानाच्या दाराशी रांग लागली. शिवाय वाहतूक एकेरी. बारावी सायन्स झालेला बी.ए. किंवा बी.कॉम.ला जाऊ शकतो, पण आर्ट्सवाल्याला बी.एस्सी.चं दार सहसा बंद. पंधरा-सोळाव्या वर्षी भरलेला एक रकाना पुढे सहजी पुसता येत नाही. माझ्या मते खरं नुकसान इथेच झालं.

2020 च्या राष्ट्रीय धोरणाने कला आणि विज्ञान यांत कडक भिंत नको म्हटलं. एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने राज्यात पदवीला मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आवडीने निवडायचा विषय आला. मुलं त्याला नुसतं ‘ओई’ म्हणतात. अट अशी की ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच हवा.

घोळ आहे तो ‘बाहेरचा’ या शब्दात. भूगोल कलेत शिकवतात आणि विज्ञानातही. मानसशास्त्राचंही तसंच. त्यात 2016 च्या विद्यापीठ कायद्याने चार विद्याशाखा केल्या आणि चौथीचं नाव ठेवलं ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’. शिक्षणशास्त्र, पत्रकारिता, गृहविज्ञान, ललित कला तिच्यात गेल्या. म्हणजे दोन शाखांच्या मधली जागा हाच एक वेगळा कप्पा झाला. बहुविद्याशाखीय म्हणजे अनेक विषय शेजारी-शेजारी, आंतरविद्याशाखीय म्हणजे ते एकमेकांत मिसळलेले. कागदोपत्री मात्र दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, आणि विद्यार्थ्याला मिळतं ते पहिलंच. जिथे एकच शाखा आहे, त्या कॉलेजात तर बाहेरचा विषय शिकवायला बाहेरचा प्राध्यापकच नसतो. मग कार्यभार वाटताना ज्याचे तास कमी पडतात त्याच्याकडे ओई जातो. प्राध्यापकांची कार्यभाराची काळजी खोटी नाही, नोकऱ्या त्यावर टिकतात. पण विषय तासांच्या हिशेबाने ठरू नये.

नीट शिकवला तर हाच दोन क्रेडिटचा, तीस तासांचा विषय काय करतो तेही पाहिलंय. वनस्पतिशास्त्राच्या एका मुलीने ओईला मोडी लिपी घेतली. सत्र संपताना तिने घरच्या ट्रंकेतला जमिनीचा जुना कागद वर्गात आणला. अक्षरं जोडून लिहिलेली, वर नुसती रेघ. तासभर खपून तिने तीन ओळी लावल्या. त्यांत बांधावरच्या झाडांची नोंद होती : आंबे दोन, बाभळी पाच. पुढचा शब्द वर्गात कुणालाच लागेना. शिकवणाऱ्यांनाही नाही. झाडाचंच नाव असणार, असं म्हणून तिने कागद पुन्हा उजेडात धरला.