कान दुखतोय की कानापुढचा जबडा?

आमच्या घरात कान दुखला की पहिला मान लसणीच्या तेलाचा. आई पळीत तेल तापवणार, दोन पाकळ्या तांबूस होईपर्यंत तळणार आणि कोमट झालं की कापसाच्या बोळ्यानं दोन थेंब कानात सोडणार. चारेक वर्षांपूर्वी माझा उजवा कान दुखायला लागला तेव्हा मीही निमूटपणे कुशीवर आडवा झालो. "गार वाऱ्यात गाडीवरून फिरू नको म्हटलं की ऐकत नाहीस," हे तेलाबरोबर फुकट. तेल झालं, ओळखीच्या डॉक्टरांनी दिलेले थेंब झाले, अँटिबायोटिकचा एक कोर्सही झाला. कान दुखतोय तो दुखतोयच. त्यातही सकाळी उठल्यावर जास्त, आणि जेवताना जास्त.

शेवटी बेळगावात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. दारावर 'किवी, मूगु, गंटलु' अशी पाटी. डॉक्टर कन्नड बोलणारे आणि माझं कन्नड बाजारहाटापुरतं. बॅटरीची छोटी नळी घालून त्यांनी दोन्ही कान पाहिले. पडदा चांगला, आत लाली नाही, पाणी नाही. मग स्टूल पुढे ओढून त्यांनी दोन्ही हातांची बोटं माझ्या कानांच्या बरोबर पुढे, कल्ले संपतात तिथं ठेवली आणि म्हणाले, "बायि तेगीरि." तोंड उघडा. मी उघडलं. उजव्या बाजूला 'टक्' असा आवाज आला. त्यांनी तिथंच बोट जरासं दाबलं आणि मी खुर्चीतून उडालो. इतके दिवस ज्याला मी कान म्हणत होतो, तो जबड्याचा सांधा होता.

आई अजून म्हणते, "कान दुखालाय म्हणजे कानच दुखालाय की, आणि काय?" तिचं चुकतं असंही नाही. दुखतं खरंच कानात. पण बिघाड कधी कानात असतो, तर कधी कानाच्या शेजाऱ्याकडे.

हा शेजार फार जवळचा आहे. खालच्या जबड्याचं हाड दोन्ही बाजूंनी वर चढत जातं आणि त्याचं गोलसर टोक कवटीच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसतं. ही वाटी कानाच्या नळीच्या लगेच पुढे आहे. करंगळी कानात घालून, बोटाचा मऊ भाग पुढच्या भिंतीवर टेकवून तोंड उघडझाप केलीत, तर ते टोक हलताना चक्क जाणवतं. दुसरी गोष्ट मज्जातंतूची. चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या पाचव्या मज्जातंतूची एक फांदी या सांध्यालाही पुरते आणि कानाच्या नळीचा पुढचा भाग व पडद्याची बाहेरची बाजू यांनाही. एकाच वायरवर दोन घरांच्या घंटा जोडल्यासारखं हे. घंटा वाजली की मेंदू म्हणतो, कान!

हा घोटाळा डॉक्टरांनाही नवा नाही. जेम्स कॉस्टन नावाच्या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञानं 1934 साली अशा रुग्णांवर लिहिलं: कान दुखतो, कानात दडे बसल्यासारखं वाटतं, आवाज येतात आणि मूळ मात्र जबड्याच्या सांध्यात. त्यानं सांगितलेलं कारण असं, की मागचे दात गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो आणि हाड मज्जातंतूवर दाबलं जातं. ते पुढे टिकलं नाही. निरीक्षण मात्र टिकलं.

मग ओळखायचं कसं?

मला विचाराल तर एकच प्रश्न निम्मं काम करतो: दुखणं कशानं वाढतं? चावल्यानं, जांभई दिल्यानं, खूप बोलल्यानं वाढत असेल तर संशय जबड्यावर. कानाची पाळी वर-मागे ओढल्यावर, कानात पाणी गेल्यावर, सर्दी झाल्यावर वाढत असेल तर कानावर. अपवाद आहेत. कानात जबर सूज असेल तर चावतानाही दुखतं. म्हणून नळी घालून पडदा पाहिल्याशिवाय डॉक्टरांनीही निकाल देऊ नये.

जांबोटीकडच्या मामांचं उदाहरण बरोबर उलटं. खानापूर तालुक्याच्या त्या घाटाकडच्या पट्ट्यात पावसाळा म्हणजे अंथरुणापासून उंबऱ्यापर्यंत सगळं दमट. मामांना कान खाजवायची सवय. काडी, पेनचं टोपण, गाडीची किल्ली, हाताला लागेल ते चालतं. खाज आली की वर खोबरेल. एका श्रावणात आधी खाज, मग कान जड, मग ठणका. माझी गोष्ट ऐकून त्यांनी ठरवून टाकलं की आपलाही जबडाच. पण मामा कडक भाकरी कराकरा चावून खात होते, दुखणं तेवढंच. मी कानाची पाळी जरा वर ओढली तर "आई गं!" म्हणून ओरडले. डॉक्टरांनी मशीननं ओढून आतून काढलं ते ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं होतं. बुरशी. दमट हवा, खाजवून सोललेली कातडी आणि वरून तेल, तिला आणखी काय पाहिजे! त्यांना थेंब लागू पडले, कारण रोग कानात होता. मला तेच थेंब आयुष्यभर घातले असते तरी उपयोग शून्य.

कानाची दुसरी नेहमीची गोष्ट पडद्यामागची. सर्दी-खोकल्यानंतर, बहुतेक लहान मुलांना: ताप, रात्री अचानक ठणका, ऐकू कमी येणं, आणि कधी पडदा फुटून पू आला की दुखणं एकदम उतरतं. म्हणून मूल कान धरून रडत असेल तर जबड्याचा विचार नंतर, आधी कान दाखवा. आणि पडदा फुटलेला असेल तर लसणीचं तेल आत मध्यकर्णात जातं, एवढं तरी आईमंडळींच्या कानावर घाला.

जबड्याचं दुखणं असं तापानं येत नाही. ते बोथट असतं, एका जागी बोट ठेवून दाखवता येत नाही. कानापुढून गालावर, कानशिलावर, कधी मानेपर्यंत पसरतं. कान भरल्यासारखा वाटतो, पण ऐकण्याची तपासणी केली तर ती ठीक निघते. हे दुखणं बायकांमध्ये जास्त दिसतं आणि साधारण विशी ते चाळिशीत.

'टक्' आवाजानं लोक उगीच घाबरतात. हा सांधा अजब आहे: तोंड उघडताना आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग टेबलाच्या खणासारखा पुढे सरकतो. मध्ये एक चिवट चकती असते, ती हाडाबरोबर सरकायला हवी. ती थोडी पुढे घसरलेली असली की उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि टक् होतं. नुसता आवाज आहे, दुखत नाही, तोंड नीट उघडतं, तर काही करायचं नाही. खरंच काही नाही. पण एके दिवशी टक् बंद झालं आणि तोंडही अर्धंच उघडायला लागलं, तर चकती पुढेच अडकून बसली असू शकते. तेव्हा वाट बघत बसू नये. माप घरचंच: आपलीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी धरून समोरच्या दातांमध्ये मावली पाहिजेत. साधारण चार सेंटिमीटर. आणि जांभई देताना आ वासलेलं तोंड मिटतच नाही असं झालं, तर सांधा निसटलाय. तिथं घरगुती प्रयोग नकोत, सरळ दवाखाना.

बऱ्याच वेळा सांध्यापेक्षा दोष स्नायूंचा असतो. दात घट्ट चावून बघा, गालावर जो गोळा फुगतो तो चावण्याचा मोठा स्नायू. मी हिशेबाची कामं करतो. मार्चमध्ये स्क्रीनसमोर बसलो की माझे दात आपोआप आवळले जातात, हे मला बायकोनं दाखवलं. रात्री दात खातो तेही तिनंच सांगितलं. मला कसं कळणार? वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचे ते खाताना-गिळताना, दिवसभरात मिळून अर्ध्या तासाच्या आतच. मी ते तासन् तास आवळून बसत होतो. वर आपल्या भागातलं खाणं: सुगीत दातांनी सोलून खाल्लेला ऊस, कडक भाकरी, सुपारी आणि गोकाकचा करदंट. करदंटात डिंक, गूळ, सुकामेवा. चव स्वर्गातली, चिकटपणा मात्र असा की जबड्याची परीक्षाच.

या दोन्हींपैकी काहीच नसेल तर

निपाणी-चिकोडीकडे तंबाखू हे शेतातलं पीक आहे आणि खिशातली पुडीही. म्हणून हे ठसवून सांगतो. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या माणसाचा एकच कान आठवडेच्या आठवडे दुखतोय, कान तपासला तर स्वच्छ, आणि गिळताना टोचतं, आवाज बसलाय किंवा मानेत गाठ लागते, तर घसा आणि जिभेचं मूळ तपासून घेतलंच पाहिजे. घशातला कॅन्सरसुद्धा कानात दुखवतो. 'जबड्याचा सांधा असेल' म्हणून शेकत बसू नका. गुटखा-सुपारीवाल्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागलं, तिखट लागलं की आग होते, गालाच्या आतली कातडी पांढरट, दोरीसारखी ताठ लागते, तर तेही सांध्याचं दुखणं नाही. तो सुपारीनं होणारा वेगळा आजार आहे आणि त्यात पुढे कॅन्सरचा धोका असतो.

आणखी दोन. चालताना, जिना चढताना जबडा दुखतो, थांबलं की राहतो, सोबत घाम, छातीत दडपण: हृदय. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नवीनच डोकेदुखी, केस विंचरताना डोक्याची कातडी दुखणं, चावताना जबडा थकणं, नजर अंधुक: त्याच दिवशी डॉक्टर, कारण डोळा जाऊ शकतो.

माझं काय झालं

पहिल्या भेटीत मला ऑपरेशन नको, स्कॅन नको, एक चिठ्ठी मिळाली. खरं सांगतो, फसवल्यासारखं वाटलं. एवढं दुखतंय आणि हे म्हणतात मऊ खा! पण कामाला आलं ते तेच. पंधरा दिवस उप्पीट, मुगाची खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी. गोड हवंच तर बेळगावचा कुंदा, त्याला दात लागतच नाहीत. कोमट ओल्या फडक्यानं गालाला आणि कानशिलाला पंधरा-वीस मिनिटं शेक. जांभई आली की हनुवटीखाली मूठ, म्हणजे तोंड जास्त वासत नाही. फोन खांद्यात धरून बोलणं बंद. दुखण्याची गोळी थोडे दिवसच आणि डॉक्टरांना विचारून. ॲसिडिटी, किडनी, बीपीवाल्यांनी तर नक्कीच.

व्यायाम दोन. 'न' म्हणताना जीभ जिथं टेकते तिथंच ठेवून, ती सुटू न देता तोंड सावकाश उघडायचं-मिटायचं. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनचारदा. दुसरा तर व्यायाम वाटतच नाही. 'म' म्हणून तिथंच थांबायचं: ओठ मिटलेले, दात सुटलेले. जबड्याची विश्रांतीची जागा तीच. मी कॉम्प्युटरच्या कोपऱ्याला चिकटपट्टीवर नुसतं 'म' लिहून ठेवलं. ऑफिसात सगळ्यांना वाटलं बायकोचं नाव.

पुढे दातांच्या डॉक्टरांनी रात्री घालायचा नाइट गार्डही दिला. दात झिजू नयेत म्हणून तो ठीक आहे. दुखणं त्यानंच गेलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. जुनाट जबडेदुखीबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2023 साली मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांतही जोर आहे तो देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम, हातानं केलेली फिजिओथेरपी आणि विचार-सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन यांच्यावर. नेहमीच्या स्प्लिंटची, म्हणजे नाइट गार्डसारख्या दातांवर बसवायच्या साच्याची, शिफारस तिथं नाही, आणि चाव, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, कायमचा बदलणारे स्प्लिंट आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांना तर ठाम नकार आहे. त्यामुळे कोणी पहिल्याच भेटीत दात घासून कमी करून चाव 'बसवून' देतो किंवा अक्कलदाढा काढून टाकूया म्हणाला, तर मी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय खुर्चीत बसणार नाही. घासलेला दात परत येत नाही.

मला बरं वाटायला दोन महिने लागले. पूर्ण गेलं का? नाही. मार्च आला की उजव्या कानापुढे कुरकुर सुरू होते, मी चिकटपट्टीकडे बघतो, रात्री शेक घेतो, आठवड्याभरात उतरतं. टक् आवाज आहेच, त्याच्याकडे मी लक्ष देत नाही. आईनं तेलाची पळी बाजूला ठेवलीय असं मात्र नाही. एवढंच, की दिवाळीला गोकाकहून करदंटाचा डबा आला की ती माझ्या वाटचे तुकडे आधी अडकित्त्यानं कातरून हरभऱ्याएवढे करते, आणि बशी पुढे सरकवताना म्हणते, "चघळ. चावू नको."