टॅमॉक्सिफेन की लेट्रोझोल? प्लॅस्टिकमधल्या इस्ट्रोजेनपुढे कोणाचं काय चालतं

स्तनाच्या कॅन्सरनंतर डॉक्टर ‘हार्मोनची गोळी’ लिहून देतात. कुणाच्या चिठ्ठीवर टॅमॉक्सिफेन असतं, कुणाच्या लेट्रोझोल. दोन्ही इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या विरोधातल्या, म्हणून लोक त्यांना एकाच माळेचे मणी समजतात. जिममध्ये तर छाती बायकांसारखी वाढेल या भीतीपोटी पुरुष ‘नोल्वा’ (टॅमॉक्सिफेन) आणि ‘लेट्रो’ (लेट्रोझोल) सर्रास अदलाबदल करून घेतात. आणि आता नवं खूळ: प्लॅस्टिकच्या बाटल्या-डब्यांतून पोटात जाणाऱ्या इस्ट्रोजेनसारख्या रसायनांवर उतारा म्हणून यातलं काही घ्यावं का?

लेट्रोझोल अरोमाटेझ हे एन्झाइम रोखतं. शरीर अँड्रोजेनपासून, म्हणजे पुरुषी हार्मोनपासून, इस्ट्रोजेन बनवतं ते याच एन्झाइमने. ते थांबलं की रक्तातलं इस्ट्रोजेन खाली येतं. पण पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकच्या भांड्यातून सुटलेला, इस्ट्रोजेनसारखा वागणारा बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, कारखान्यातून तयार होऊनच आलेला असतो. त्याला अरोमाटेझची गरजच नाही. लेट्रोझोलचा विषय इथेच संपला.

टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन कमी करत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं ते रिसेप्टरमधली, म्हणजे पेशीतल्या इस्ट्रोजेन पकडणाऱ्या प्रथिनातली, जागा अडवतं. त्याच्या रेणूचा एक लांब दांडा बाहेर राहतो, त्यामुळे रिसेप्टरचा शेवटचा भाग नीट मिटत नाही आणि जनुकं चालू करणारी प्रथिनं तिथे चिकटू शकत नाहीत. मग येणारा पाहुणा घरचा असो की प्लॅस्टिकचा, फरक पडत नाही.

याचा पुरावाही आहे. १९९३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक यीस्टमध्ये इस्ट्रोजेन शोधत होते. सापडलंही, पण ते यीस्टचं नव्हतं. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, तापवलेल्या पॉलिकार्बोनेटच्या फ्लास्कमधून पाण्यात बीपीए उतरत होता! स्तनाच्या कॅन्सरपेशींवरचा त्याचा हार्मोनसारखा परिणाम टॅमॉक्सिफेनने थांबला.

ही गोष्ट पेशींच्या ताटलीतली. माणसात हाच रुमाल काही ठिकाणी स्वतःच प्रवासी होतो. स्तनात विरोध करणारं टॅमॉक्सिफेन गर्भाशयाच्या अस्तरात मात्र इस्ट्रोजेनसारखं वागतं. तिथल्या कॅन्सरचा आणि रक्ताच्या गाठींचा धोका वाढवतं. कॅन्सर अंगात असताना हा सौदा फायद्याचा ठरतो. निरोगी माणसाने डब्याच्या भीतीने तो करणं मला शुद्ध वेडेपणा वाटतो. शिवाय बीपीए पेशीच्या पडद्यावरच्या जीपीईआर या दुसऱ्या रिसेप्टरवरही काम करतो, आणि टॅमॉक्सिफेन तो बंद करत नाही, उलट चालूच करतं.

याच जातीचं एक औषध आपल्याकडे आशाताईंच्या पिशवीत असतं: ‘छाया’, म्हणजे ऑर्मेलॉक्सिफेन, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेची देणगी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. गर्भनिरोधक म्हणून ती उत्तम. प्लॅस्टिकवरचा उतारा म्हणून तिच्याकडेही पाहू नये.

बीपीए पोटात गेला तर त्याचा बहुतेक भाग दिवसभरात लघवीवाटे निघून जातो. टॅमॉक्सिफेनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या डब्यात गरम आमटी ओतणं बंद केलं तर त्या डब्यातून येणारा बीपीए एक-दोन दिवसांत अंगातून जातो. उताऱ्याची गोळी सोडली तरी ती कित्येक आठवडे अंगात राहते.